मनी आणि मोतीची जोडी: 'कॅट क्वेस्ट २' दोघांनी मिळून कसा खेळावा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली. चौथ्या दिवशी दुपारी हॉलमधून आईचा आवाज आला, "अगं, माझी मनी पडली! तू पुढे पळू नकोस, आधी मला उठव!" आई चौसष्ट वर्षांची. त्या आठवड्याआधी तिने कंट्रोलर कधी हातातही धरला नव्हता. मनी म्हणजे गेममधली मांजर आणि मोती म्हणजे कुत्रा. गेममध्ये त्यांची ही नावं नाहीत, ती भाचीने ठेवली आणि आमच्या घरात तीच कायम झाली. या लेखातही मी तीच वापरणार आहे.

गेमचं नाव 'कॅट क्वेस्ट २'. ज्या घरात एकाला गेम खेळायची सवय आहे आणि दुसऱ्याला अजिबात नाही, अशा जोडीसाठी माझ्या पाहण्यात याच्याइतका चांगला गेम नाही. म्हणून हा लेख पहिल्यांदाच बसणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. आजी-नातू, आई-मुलगी, नवरा-बायको, कोणीही असो. खेळ जमणाऱ्यासाठीही यात बरंच आहे, कारण या गेममध्ये अवघड काम त्याच्याच वाट्याला येतं. ज्याला जास्त येतं त्याने जोडीदाराच्या चालीने चालायचं, हे ते काम.

हा गेम आहे तरी काय

'द जेंटलब्रोज' नावाचा सिंगापूरचा एक छोटा स्टुडिओ आहे. त्यांचा पहिला 'कॅट क्वेस्ट' २०१७ साली आला. तो एकट्याने खेळायचा होता, नायक एकच मांजर. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये दुसरा भाग आला आणि त्यात मांजरासोबत कुत्रा आला. दोघांनी खेळायचं असेल तर खरेदी करताना हा फरक लक्षात ठेवा. सेलमध्ये पहिला भाग स्वस्त दिसतो, लोक तो घेतात आणि मग दुसरा कंट्रोलर चालेना म्हणून वैतागतात. तो चालणारच नाही. जोडीने खेळायचं असेल तर दुसरा भागच घ्या. त्याची गोष्ट समजण्यासाठी पहिला खेळलेला असण्याची गरज नाही.

गोष्ट साधी आहे. मांजरांचं राज्य फेलिनगार्ड आणि कुत्र्यांचं लूपस साम्राज्य यांच्यात युद्ध पेटलंय. दोन्हीकडचे खरे राजे गादीवरून हाकलले गेलेत. त्यातला एक मांजर, एक कुत्रा. दोघांनी आपापलं वैर बाजूला ठेवून एकत्र गाद्या परत मिळवायच्या. वाट दाखवायला सोबत किरी नावाचा एक छोटा उडता आत्मा असतो. फेलिनगार्ड हिरवंगार आहे, लूपसकडे वाळवंट. सगळी भूमी जुन्या हाताने काढलेल्या नकाशासारखी दिसते आणि प्रदेशांची नावं थेट जमिनीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात. आईला हे फार आवडलं. "नकाशावरूनच चालतोय की आपण," म्हणाली.

प्रकार म्हणाल तर ॲक्शन आरपीजी. राक्षस मारायचे, अनुभव मिळवून पातळी वाढवायची, नवी शस्त्रं आणि चिलखतं घालायची, मंत्र शिकायचे. लढाई तिथल्या तिथे उघड्यावर होते, त्यासाठी वेगळा पडदा उघडत नाही. रक्तपात नाही, भीतीदायक काही नाही. मुख्य गोष्ट साधारण आठ-दहा तासांत संपते. रोज तासभर धरला तर दिवाळीच्या सुट्टीत आरामात बसते.

बसण्याआधीची जुळवाजुळव

गेम पीसीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून मिळतो, तसाच निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठीही आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या मालिकेवर जुने गेम चालतात, त्यामुळे तिथेही अडचण नाही. ग्राफिक्स हलके आहेत. घरातला साधा लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की झालं.

कंट्रोलर मात्र दोन हवेत आणि ते शक्यतो सारखे असावेत. एकाकडे भारी आणि दुसऱ्याकडे साधा असला की बटणांची नावं वेगळी पडतात. "ए दाब" म्हटल्यावर समोरचा माणूस ए शोधत बसतो आणि त्याच्या कंट्रोलरवर त्या जागी फुली असते. नवख्या माणसासाठी हा गोंधळ खरोखर मोठा असतो.

वायरचा कंट्रोलर घेतला तर एक गोष्ट तपासून घ्या. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी दुसरा कंट्रोलर लागेचना. दिवा पेटत होता, पण लॅपटॉपला तो दिसत नव्हता. दोन तास सेटिंग चाळण्यात गेले. शेवटी कळलं की मी लावलेली यूएसबी केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून डेटा जातच नव्हता. केबल बदलली आणि कंट्रोलर क्षणात सुरू झाला. दिवा पेटला म्हणजे जोडणी झाली असं धरू नका. स्टीमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा विभाग आहे, तिथे दोन्ही कंट्रोलर दिसतात का ते गेम सुरू करण्याआधीच बघा.

ब्लूटूथचे कंट्रोलर असतील तर पहिल्या खेळाडूचा आधी चालू करा, दुसऱ्याचा नंतर. क्रम उलटा झाला की मनी आणि मोतीची अदलाबदल होते आणि लहान मुलं त्यावरून रुसतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट. कंट्रोलर हातात थरथरला की आई दर वेळी दचकायची आणि बोटं बटणांवरून सुटायची. मी तिच्यासाठी व्हायब्रेशन बंद केलं. त्यानंतर दहा मिनिटांत तिचा हात स्थिर झाला. घरातल्या ज्येष्ठांसाठी हे पहिल्याच दिवशी करा.

पहिली पंधरा मिनिटं: काहीच मारू नका

गेम सुरू झाला की थोडी गोष्ट सांगितली जाते, मग दोघे जण मोकळ्या मैदानात येतात. दुसरा खेळाडू हजर नसेल तर जोडीदाराला गेम स्वतः चालवतो. दुसऱ्या कंट्रोलरवरचं बटण दाबून आत यायचं आणि तो ताबा घ्यायचा. खेळता खेळता मध्येच कोणाला उठावं लागलं तरी गेम थांबत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला आई उठायची तेव्हा मनी आपली आपण लढत राहायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवख्या माणसाला लगेच लढायला लावू नका. पहिली पंधरा मिनिटं फक्त चाला. झाडाभोवती गोल फिरा, गावात जा, समुद्राच्या कडेपर्यंत जाऊन परत या. आपल्याला सोपी वाटणारी गोष्ट अशी की डाव्या अंगठ्याने दांडी हलवायची आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने बटण दाबायचं. ज्याने हे कधी केलेलं नाही त्याचे दोन्ही अंगठे एकदमच दाबले जातात. आईचं तसंच व्हायचं. दांडी पुढे ढकलताना ती उजवीकडचं बटणही घट्ट धरून ठेवायची आणि मनी वाटेत हवेत तलवार फिरवत जायची. भाचीने यावर छान तोडगा काढला. "आजी, आधी नुसतं चाल, उजवा हात मांडीवर ठेव," म्हणाली. पाच मिनिटांनी उजवा हात परत कंट्रोलरवर आला तेव्हा डावा आपोआप चालत होता.

मग शेतात झुडपं आणि गवत तोडायला लावा. झुडूप उलटून मारत नाही. बटण दाबलं की तलवार फिरते, एवढं शरीराला कळू द्या. त्यानंतर उडी मारून लोळण घ्यायचं बटण शिकवा. या गेममध्ये ढाल धरून थांबायची पद्धत नाही. वाचायचं असेल तर लोळण घ्यायची. म्हणून तीन गोष्टी: चालणं, मारणं, लोळणं. पहिल्या दिवशी चौथी गोष्ट सांगू नका. मंत्रांचं नावसुद्धा काढू नका.

लाल वर्तुळ वाचायला शिका

या गेमची सगळी लढाई एका गोष्टीवर उभी आहे आणि ती नीट समजली की लहान मूलही मोठमोठे राक्षस पाडतं. शत्रू हल्ला करायच्या आधी जमिनीवर एक लाल वर्तुळ उमटतं. ते हळूहळू भरत जातं आणि पूर्ण भरलं की वार होतो. वर्तुळाच्या बाहेर असाल तर ओरखडाही येत नाही.

नवखा माणूस शत्रूकडे बघतो, जमिनीकडे त्याचं लक्षच जात नाही. म्हणून पहिल्या काही लढायांत जाणत्याने स्वतः मारायचं थांबवावं आणि नुसतं बोलत राहावं: "जमीन बघ... उमटलं... बाहेर ये... आता मार." एवढी चारच वाक्यं, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी आई स्वतःच पुटपुटायला लागली, "आलं, आलं, गेले मी." तिसऱ्या दिवशी पुटपुटणंही थांबलं.

वर्तुळ उमटलं की लगेच लोळण घ्यायची गरज नसते. छोट्या वर्तुळातून दोन पावलं चालूनही बाहेर पडता येतं. लोळण राखून ठेवा मोठ्या वर्तुळासाठी, जिथे चालत कड गाठता येणार नाही. घाबरून सतत लोळणारा खेळाडू पुष्कळदा एका वर्तुळातून निघून दुसऱ्यात पडतो. लोळण घेण्याआधी कुठे जाऊन थांबणार ते बघायचं, ही सवय लावून घ्या.

वार झाल्यानंतर शत्रू क्षणभर थांबतो. तोच आपला वेळ. दोन-तीन घाव घालायचे आणि परत जमिनीकडे बघायचं. चौथ्या घावाचा मोह बहुतेक वेळा महागात पडतो. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कबड्डीसारखं. शिवायचं आणि पळायचं." अगदी तसंच.

दोघे असताना याचा आणखी एक फायदा मिळतो. शत्रू एका वेळी एकाच्या मागे लागतो. तो मोतीच्या मागे लागला की मनीने मागून मारावं, मनीकडे वळला की मोतीने. एकाने मुद्दाम शत्रूभोवती मोठं रिंगण घालायचं आणि दुसऱ्याने शांतपणे घाव घालायचे. शिकणाऱ्याला घाव घालण्याचं काम द्या आणि पळण्याचं काम जाणत्याने स्वतःकडे ठेवा. शिकणाऱ्याचा हात मारून मारून बसतो आणि राक्षस आपण पाडला याचा आनंदही त्याला मिळतो.

कोणी काय धरायचं

मांजर चपळ आणि कुत्रा ताकदवान असं इथे काही नाही. दोघे सारखेच आहेत. फरक पडतो तो अंगावर काय चढवलंय त्याने. तलवार धरली की जवळून लढणारा, जादूची छडी धरली की लांबून गोळे सोडणारा. चिलखत आणि टोपीही तशाच: काहींनी जीव वाढतो, काहींनी तलवारीचा घाव जड होतो, काहींनी जादू. मेनूत प्रत्येक वस्तूवर हे आकडे असतात. जुनी वस्तू आणि नवी वस्तू यांचे आकडे शेजारी शेजारी बघूनच बदला.

सहज मनात येतं की नवख्याला छडी द्यावी, म्हणजे तो लांब राहील, सुरक्षित राहील. आम्हीही तेच केलं आणि ते चुकलं. लांबून मारताना नेम आणि अंतर दोन्ही सांभाळावं लागतं, शिवाय माणूस लढाईपासून तुटतो. आईला छडीने कंटाळा आला. मग तिला तलवार दिली, जीव भरपूर वाढवणारं जाड चिलखत दिलं आणि छडी भाचीकडे गेली. तेव्हापासून आई पुढे आणि भाची मागे. माझा सल्ला हाच राहील: नवख्याला तलवार आणि सगळ्यात मजबूत चिलखत, जाणत्याकडे छडी आणि मंत्र. लागले तरी सोसता येतील असे घाव नवख्याला खाऊ द्या. त्यातूनच वर्तुळ वाचणं येतं.

मंत्रांकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वळा. ते मंदिरांसारख्या ठिकाणी सोनं देऊन शिकता येतात आणि तिथेच त्यांची ताकद वाढवता येते. सुरुवातीलाच मिळणाऱ्यांपैकी एक फ्लेमपर. त्याने आपल्याभोवती आगीचं रिंगण उठतं, चार शत्रूंनी घेरलं तर हाच कामाला येतो. लाइटन्यान विजेचा. हीलिंग पॉ जीव भरून काढणारा, आणि तो दोघांकडेही असू द्या. एकाकडेच ठेवला तर तो माणूस सगळा वेळ दुसऱ्याच्या जीवाच्या पट्टीकडे बघत बसतो आणि त्याचा खेळ राहून जातो.

मंत्राला लागणारी निळी पट्टी संपली की थांबून वाट बघू नका. शत्रूला घाव घातला की ती परत भरते. म्हणून चाल अशी ठेवा: मंत्र टाकला, पुढे होऊन दोन घाव, बाहेर, परत मंत्र. छडीवाल्याने नुसतं लांब उभं राहून चालत नाही ते यासाठीच.

सोनं एकाच थैलीतलं

सोनं दोघांचं मिळून एकच असतं. यावरून घरोघरी वाद होणार हे नक्की, म्हणून नियम आधीच ठरवा. आमचा नियम सरळ होता: एकदा मनीचं, एकदा मोतीचं.

राज्यात दोन लोहार आहेत, मांजरांचा किट कॅट आणि कुत्र्यांचा हॉटो डॉगो. सोनं दिलं की तुमच्याकडच्या वस्तूंची पातळी ते वाढवून देतात. सुरुवातीला प्रत्येक वस्तू थोडी थोडी वाढवायचा मोह होतो. तसं करू नका. गुहांमध्ये पेटाऱ्यांतून सतत नव्या वस्तू मिळत राहतात आणि कालची तलवार आज मागे पडते. दोघांचं एकेक आवडतं शस्त्र ठरवा आणि सोनं त्यात घाला. चिलखतात घालायचं असेल तर आधी जो जास्त वेळा पडतो त्याच्या चिलखतात.

भाचीला एक टोपी फार आवडली होती. आकडे कमी होते, पण मोतीला ती शोभते म्हणून तिने शेवटपर्यंत बदलली नाही. बदलायला लावू नका. हा गेम इतका काटेकोर नाही की एका टोपीने तो हातचा जाईल.

आकडा बघून आत शिरा

नकाशावर जागोजागी गुहा आहेत. तोंडाशी गेलात की तिथे कोणत्या पातळीचे शत्रू आहेत ते दिसतं. आपली पातळी त्याच्या आसपास असेल तर आत जा. पाच-सहाने कमी असेल तर ठिकाण लक्षात ठेवून पुढे चला. उघड्या रानातल्या राक्षसांचंही तसंच. वाटेत एखादा ड्रॅगन दिसला आणि त्याचा आकडा तुमच्या दुप्पट असला तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, लांबून वळसा घाला. नंतर कधीतरी परत याल तेव्हा त्याच ड्रॅगनला पाडताना जो आनंद होतो तो मी वर्णन करत बसत नाही.

पातळी कशी वाढवायची? मुख्य गोष्टीचं एक काम झालं की गावातल्या फलकावरची दोन छोटी कामं करा आणि एक गुहा. या प्रमाणात खेळलात तर मुद्दाम राक्षस मारत फिरायची वेळ येत नाही. छोटी कामं गमतीची आहेत. कोणाचं काही हरवलंय, कोणाला कोणाचा संशय आलाय, आणि एक काम संपवलं की पुष्कळदा त्याचाच पुढचा भाग उघडतो. एका वेळी एकच काम हाती घ्या. अर्धवट पाच कामं असली की लहान मुलांना गोष्टीचा धागा सापडत नाही.

गुहेत पडदा एकच असतो, दोघांना मिळून. एक जण फार पुढे गेला तर दुसऱ्याला नीट दिसतही नाही. जाणता खेळाडू इथेच चुकतो. त्याला वाट ठाऊक असते, तो भरभर पुढे जातो आणि मागचा नुसता ओढला जातो. गुहेत पुढे नवख्याला चालू द्या. चुकीच्या बोळात शिरला तरी शिरू द्या, बंद बोळात बऱ्याचदा पेटारा असतो.

सोनेरी पेटारे सुरुवातीला उघडत नाहीत आणि पाण्यातून सुरुवातीला चालता येत नाही. मुलं विचारतील, तेव्हा सांगा की ही कुलुपं पुढे गोष्टीत उघडतात. कुठे काय दिसलं ते एका वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत भाचीने चित्रं काढली आहेत, तिथे जाऊन एकेक पेटारा उघडला की ती चित्रावर बरोबरची खूण करते.

पडल्यावर काय

जीव संपला की खेळाडू तिथेच पडतो. दुसरा जवळ जाऊन थोडा वेळ थांबला की तो उठतो. पण तेवढा वेळ शत्रू गप्प बसत नाहीत. म्हणून उठवायला जाण्याआधी शत्रूला लांब ओढून न्या, मोठं रिंगण घाला आणि मग वळून जोडीदाराकडे या. पडलेल्याने या वेळात गप्प राहू नये. पडदा त्यालाही दिसत असतो, तेव्हा "डावीकडून येतोय, वर्तुळ उमटलं" असं सांगत राहावं. आईने हे काम फार मनापासून केलं. ती स्वतः लढताना जेवढं बघायची त्याहून पडल्यावर जास्त बघायची.

दोघेही पडले तर शेवटच्या विश्रांतीच्या जागेपासून परत सुरुवात होते. या जागा गावात आणि वाटेत जागोजागी आहेत. तिथे झोप काढली की जीव भरतो आणि खेळही जपून ठेवला जातो. नियमच करा: विश्रांतीची जागा दिसली की झोपायचं, गरज असो वा नसो. कठीण लढाईच्या आधी तर नक्कीच. एकाच राक्षसाकडून तीनदा हरलात तर चौथ्यांदा जाऊ नका. दोन छोटी कामं करा, एक-दोन पातळ्या वाढवा, मग या. थकलेल्या मुलाला चौथ्यांदा हरवून झोपायला पाठवणं बरं नाही.

इंग्रजी संवादांचं काय करायचं

गेम मराठीत नाही. संवाद भरपूर आहेत आणि ते बोलून दाखवले जात नाहीत, लिहूनच येतात. ही अडचण आहे खरी, पण मी तिला अडचण मानत नाही. घरातल्या एकाने मोठ्याने वाचायचं आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचं. पात्रांना आवाज द्या. आमच्याकडे किरीचा आवाज नाकातला आहे आणि हॉटो डॉगो वऱ्हाडीत बोलतो, कारण माझ्या भावोजींची वऱ्हाडी उत्तम आहे.

संवादांत शब्दांचे खेळ खच्चून भरलेत आणि ते बहुतेक इंग्रजीतल्या पंजा, केस, गुरगुर अशा शब्दांवर आहेत. फ्लेमपरमधलं 'पर' म्हणजे मांजराची समाधानाची गुरगुर. लाइटन्यानमधलं 'न्यान' हा जपानी मांजराचा आवाज, आपल्याकडे जसं म्याँव. हे समजावून सांगितलं की मुलांना स्वतः नावं पाडावीशी वाटतात. फ्लेमपरला आमच्या घरी म्याँवाग्नी म्हणतात, हीलिंग पॉला हळदीचा पंजा. कोणीतरी "हळदीचा पंजा!" असं ओरडलं की कोणतं बटण दाबायचं हे आईला एका क्षणात कळतं. हीलिंग पॉ म्हटल्यावर ते कळत नव्हतं.

जोडीदार दुसऱ्या देशात असेल तर

गेममध्ये स्वतःची ऑनलाइन सोय नाही, दोघांनी एकाच पडद्यासमोर बसायचं अशीच रचना आहे. पण स्टीमवर 'रिमोट प्ले टुगेदर' नावाची सोय २०१९ पासून आहे आणि ती नेमकी अशाच गेमसाठी आहे. गेम एकाच्याच संगणकावर चालतो, त्याचं चित्र इंटरनेटवरून दुसऱ्याकडे जातं आणि दुसऱ्याच्या बटणांची हालचाल इकडे येते. गेम फक्त बोलावणाऱ्याने विकत घेतलेला असला की पुरतं.

रीत अशी. बोलावणाऱ्याने गेम सुरू करावा, मग शिफ्ट आणि टॅब ही बटणं एकदम दाबावीत. स्टीमचा पडदा वर येईल. त्यात मित्रांच्या यादीत जोडीदाराच्या नावावर उजवं क्लिक करून रिमोट प्ले टुगेदर निवडावं. पलीकडे आमंत्रण जातं, त्याने होकार दिला की गेम दिसू लागतो. जोडीदाराचं स्टीम खातं नसेल तर दुवा पाठवूनही बोलावता येतं. तो फोनवर किंवा टॅबलेटवर स्टीम लिंक हे मोफत ॲप टाकून आत येऊ शकतो. मात्र फोनच्या काचेवर अंगठे घासत खेळणं अवघड जातं, त्याला एक ब्लूटूथ कंट्रोलर घ्यायला सांगा.

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. आम्ही रविवारी संध्याकाळी साडेसातला बसतो. तिकडे तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात. चित्र अर्धा क्षण उशिरा पोचतं, त्यामुळे लांबच्या खेळाडूला वर्तुळ उशिरा दिसतं. यावर दोन उपाय. बोलावणाऱ्याचा संगणक राउटरला केबलने जोडा, वायफायवर ठेवू नका, कारण चित्र त्याच्याकडून बाहेर जायचं असतं. आणि लांबच्या खेळाडूला छडी द्या. घरातल्या नवख्याला तलवार द्या असं मी वर म्हटलं, पण इथे नेमकं उलटं: लांबून मारणाऱ्याला अर्ध्या क्षणाच्या उशिराने फारसं बिघडत नाही.

खेळ बोलावणाऱ्याच्या संगणकावरच साठतो हेही लक्षात असू द्या. एका रविवारी भावाने बोलावलं आणि पुढच्या रविवारी मी, असं केलं की दोन वेगवेगळे खेळ सुरू होतात. कोण बोलावणार ते पहिल्याच दिवशी ठरवा.

संपल्यावर

शेवटची लढाई कशी आहे ते सांगत नाही. फक्त त्या दिवशी घाई नसू द्या, जेवणं उरकून बसा आणि आधी झोप काढून घ्या. गेममधली.

त्यानंतर राहिलेल्या गुहा, सोनेरी पेटारे आणि वाटेत टाळलेले ड्रॅगन असतातच. ते संपले आणि जोडी अजून खेळायला उत्सुक असेल तर 'कॅट क्वेस्ट ३' आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आला. तोही दोघांनी एका पडद्यावर खेळता येतो. त्यात मांजरं समुद्री चाचे आहेत, जहाज आहे, शत्रू उंदीर आहेत आणि लांबून मारायला बंदुकाही आहेत. लढाई थोडी वेगवान आहे, म्हणून नवख्याने दुसरा भाग खेळून झाल्यावरच तिकडे वळावं. एक गोष्ट मात्र भाचीला पटलेली नाही: त्यात दोन्ही नायक मांजरंच आहेत. तिने मला फोनवर विचारलं, "मग मोती कुठे गेला?" तिसरा भाग अजून आम्ही विकत घेतलेला नाही. मे महिन्याच्या सुट्टीत ती येईल तेव्हा आधी दुसऱ्यातले राहिलेले ड्रॅगन पाडायचे असं आई आणि तिचं ठरलंय. वही आईच्या कपाटात आहे आणि तिच्यात अकरा पेटाऱ्यांपुढे अजून बरोबरची खूण व्हायची आहे.